ज्या गोडीची चव आपण घेतली नाही



या पाठात आपण वरवर साध्या वाटणाऱ्या, परंतु आपल्या घरांतून व मंडळ्यांतून पुष्कळांच्या मनाला टोचणाऱ्या एका विषयाचा विचार करणार आहोत. चारचौघे जमले की एखाद्या चित्रपटाची, कादंबरीची किंवा मालिकेची गोष्ट निघते. सर्वांचे चेहरे उजळतात. एकाने अर्धा संवाद म्हटला की दुसरा तो पुरा करतो. त्या घोळक्यात एक जण मात्र गप्प बसलेला असतो. त्याने तो चित्रपट पाहिलेला नसतो, ते पुस्तक वाचलेले नसते. कधी पाहिले-वाचलेलेही असते, पण इतरांना लागलेली गोडी त्याला लागलेली नसते. अशा वेळी त्याच्या मनात दोहोंपैकी एक विचार डोकावतो. "मी यांच्यापेक्षा बरा," हा एक. किंवा "मी यांच्यातला नव्हे," हा दुसरा. पहिल्यात गर्व आहे आणि दुसऱ्यात लाज आहे. शास्त्राच्या प्रकाशात हे दोन्ही विचार तपासून पाहावेत, हा या पाठाचा हेतू आहे. पवित्र शास्त्र जवळ ठेवावे आणि उल्लेखिलेले अध्याय स्वतः उघडून वाचावेत, अशी विनंती आहे.

न पाहण्याची तीन कारणे

ज्याने पाहिले नाही, त्याची कारणे एकसारखी नसतात. ती वेगवेगळी केल्यावाचून या विषयाचा उलगडा होत नाही.

पहिले कारण घरची शिस्त. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी सिनेमा-नाटक वर्ज्य मानले व मुलांनाही तसेच वळण लावले. 'शोले' हा चित्रपट १९७५ साली आला. त्यातील दरोडेखोराचे नाव आज भारतात कोणालाही ठाऊक आहे. तरी आपल्या जुन्या ख्रिस्ती घरांत असे पुष्कळ लोक आहेत की ज्यांनी तो कधीच पाहिला नाही. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक आहे.

दुसरे कारण संधी न मिळणे. दूरदर्शनवर 'रामायण' ही मालिका २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी दाखवली जात असे. रस्ते ओस पडत आणि शेजारपाजारचे लोक एका संचासमोर दाटीवाटीने बसत. आपली उपासनेची वेळही नेमकी तीच. त्यामुळे अवघ्या देशाने एकत्र पाहिलेली गोष्ट अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी मुद्दाम टाळली नाही. ती त्यांच्या हातून सहजच राहून गेली. संधी न मिळण्याचे दुसरेही रूप आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी वाढलेली आपली मुले घरी मराठी बोलतात. पण शाळा दुसऱ्या भाषेत असल्याने १९३५ साली प्रसिद्ध झालेले साने गुरुजींचे 'श्यामची आई' त्यांच्या हाती पडत नाही. सुटीत गावी गेल्यावर चुलत भावंडे त्या पुस्तकाविषयी बोलू लागली की ही मुले परक्यासारखी ऐकत बसतात.

तिसरे कारण अरुचीचे. कोणी मना केले नाही, संधीही मिळाली. पण मन रमले नाही. सर्व जग ज्याची वाखाणणी करते ते आपणांस आवडू नये याचे अशा माणसास स्वतःलाच नवल वाटते, आणि तो ते कोणाला सांगत नाही.

या तिन्ही कारणांचा विचार आता क्रमाने करू.

रेखाबी घराणे : वारशाने आलेला त्याग

यिर्मयाच्या पुस्तकाचा पस्तिसावा अध्याय उघडावा. यहोयाकीम राजाच्या काळी परमेश्वराच्या सांगण्यावरून यिर्मयाने रेखाबी लोकांस मंदिराच्या एका खोलीत नेले आणि त्यांच्यापुढे द्राक्षारसाने भरलेले घडे व पेले ठेवले. त्यांनी नकार दिला. त्यांचा पूर्वज योनादाब याने घालून दिलेला नियम होता की त्यांनी व त्यांच्या वंशजांनी द्राक्षारस पिऊ नये, घरे बांधू नयेत, शेती-मळे करू नयेत, तंबूंत राहावे. हा योनादाब येहू राजाच्या काळचा. म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे पिढ्यानपिढ्या या लोकांनी ती चव घेतलीच नव्हती.

या अध्यायात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की रेखाब्यांना आपल्या त्यागाचे कारण सांगता आले. "आमच्याकडे चालत नाही," एवढे बोलून ते थांबले नाहीत. कोणी आज्ञा केली, कशासाठी केली हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. दुसरी ही की नियमाचा कोणता भाग परिस्थितीने मोडावा लागला हेही त्यांनी लपवले नाही. नबुखद्नेस्सराच्या स्वारीमुळे ते तंबू सोडून यरुशलेमेच्या तटाआड आले होते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परमेश्वराने त्यांची वाखाणणी केली, पण यहूदाच्या लोकांना द्राक्षारस सोडण्यास सांगितले नाही. एका मानवी पूर्वजाचा शब्द हे लोक इतका जपतात, मग माझा शब्द तुम्ही का ऐकत नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. गौरव झाला तो निष्ठेचा. न प्यालेल्या पेल्याला स्वतःचे असे पुण्य चिकटले नाही.

ज्यांना घरच्या शिस्तीमुळे चित्रपट किंवा कादंबऱ्या ठाऊक नाहीत त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा. आईवडिलांच्या शब्दाला दिलेल्या मानाची लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात नियम उरला आणि त्याचे कारण कोणालाच सांगता येईनासे झाले, तेथे मुले तो नियम ओझ्यासारखा वाहतात आणि वसतिगृहात पाऊल पडताच टाकून देतात. कित्येकदा त्या नियमाबरोबर मंडळीही टाकली जाते. पालकांनी याचा गंभीरपणे विचार करावा.

रिकामे हात आणि एक पुराण

आता दुसरे कारण. गोष्ट मिळाली नाही, किंवा हातची काढून घेतली गेली, तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच भाषेच्या इतिहासात आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांना त्यांची जुनी पुराणे व पोथ्या वर्ज्य ठरल्या. पिढ्यानपिढ्या संध्याकाळी ओव्यांतून ऐकलेल्या कथा एकाएकी बंद झाल्या. प्रार्थना आणि प्रश्नोत्तरे शिकवली जात, पण कथेची भूक प्रश्नोत्तरांनी भागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेज्वीट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले होते. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी असा प्रसंग आहे की नव्या ख्रिस्ती लोकांपैकी एक जण त्यांच्याकडे येऊन म्हणतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्यासाठी एखादे पुराण का देत नाही? स्टीफन्स यांनी त्या माणसाला गप्प केले नाही. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांनी मराठी ओवीत रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ साली छापला गेला. ज्या ओवीत ज्ञानेश्वर-एकनाथांनी लिहिले, त्याच ओवीत या परदेशी माणसाने लिहिले. कारण ऐकणाऱ्यांचे कान त्या छंदाला सरावलेले होते.

वाचकहो, त्या माणसाच्या प्रश्नात केवढे दुःख आहे ते पाहावे. त्याला धर्म मिळाला होता, पण चारचौघांत बसून ऐकावी अशी गोष्ट उरली नव्हती. आजही एखाद्या मुलाला "हे पाहू नकोस, ते वाचू नकोस" असे सांगून आपण उठून जातो, तेव्हा त्याचे हात तसेच रिकामे राहतात. मना करणाऱ्यावर दुसरे काही देण्याची जबाबदारी येते.

देण्यासारखे आपल्याजवळ काही नाही असेही नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जी गणली जाते ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने विधवांच्या दुःखावर लिहिली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर सर्व धर्मांच्या मराठी वाचकांनी आपली मानली. चित्रपटाच्या इतिहासातही एक मौज आहे. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. तो पाहताना आपले देव असे पडद्यावर कधी दिसतील, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला, आणि त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट निर्माण झाला. जी कला आपल्या वडीलधाऱ्यांनी दूर ठेवली, तिच्या भारतातील उगमाशी ख्रिस्ताचीच कथा उभी आहे.

बर्जिल्लय : ज्याला गोडी उरली नव्हती

तिसऱ्या कारणासाठी दुसऱ्या शमुवेलाच्या एकोणिसाव्या अध्यायाकडे वळू. अबशालोमाच्या बंडानंतर दावीद राजा यार्देन ओलांडून परत निघाला, तेव्हा त्याला अडचणीत अन्नधान्य पुरवणारा ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय त्याला निरोप देण्यास आला. माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुझा सांभाळ करीन, असे राजाने म्हटले. राजवाड्यातील पंगत आणि तेथील गाणारे-गाणाऱ्या म्हणजे त्या काळचे सर्वांत मोठे सुख. म्हाताऱ्याने सरळ सांगितले की आता मला अन्नाची चव कळत नाही, गाणेही नीट ऐकू येत नाही. मी येऊन राजाला भार कशाला व्हावे?

यात कुठेही गाण्याची निंदा नाही. गाणे वाईट आहे असे तो म्हणाला नाही. माझ्या ठायी त्याची गोडी नाही, एवढेच म्हणाला. आणि लगेच त्याने किम्हामाला पुढे केले. याला घेऊन जा, राजाला बरे वाटेल ते याच्यासाठी कर, अशी विनंती केली. दाविदाने ती मान्य केली आणि जाताना म्हाताऱ्याचे चुंबन घेऊन त्याला आशीर्वाद दिला. राजाचे मन दुखावले नाही, स्नेह तुटला नाही.

ज्यांना लोकप्रिय पुस्तकांत किंवा चित्रपटांत रस वाटत नाही, त्यांच्यासाठी हा वृद्ध मोठा गुरू आहे. अरुची हे पाप नव्हे आणि पुण्यही नव्हे. आपली अरुची ही देवाची आज्ञा आहे असे मात्र समजू नये. "मला त्यात काही दिसत नाही" आणि "त्यात काहीच नाही" ही दोन वाक्ये निरनिराळी आहेत. बर्जिल्लयाने पहिले वाक्य उच्चारले आणि किम्हामाची वाट मोकळी ठेवली.

पौल आणि नाटकातील ओळ

येथे कोणी म्हणेल की कुसंगतीविषयी पौलाने पहिल्या करिंथकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात, तेहतिसाव्या वचनात, स्पष्ट इशारा दिला आहे. सिनेमा-नाटकाच्या विरुद्ध उपदेश करताना हे वचन वारंवार पुढे केले जाते. भाषांतराचे काम करणाऱ्यास या वचनाजवळ थोडे थांबावे लागते. कारण मूळ ग्रीकमध्ये ते शब्द छंदात बसतात. भाषांतरात छंद नाहीसा होतो आणि वाचकाला ते पौलाचे गद्य वाटते. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती ओळ मेनांद्र या ग्रीक नाटककाराच्या 'थाइस' नावाच्या सुखात्म नाटकातील आहे. मेनांद्र ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. त्याची नाटके इतकी लोकप्रिय होती की त्यांतील ओळी म्हणी होऊन बसल्या. नाटकांविरुद्ध आपण जे वचन वापरतो, ते स्वतः एका नाटकातून आले आहे! शिवाय त्या अध्यायाचा विषय पुनरुत्थान हा आहे; मेलेले उठत नाहीत असे म्हणणाऱ्यांच्या संगतीविषयी पौल तेथे बोलत आहे.

अथेन्समध्ये अरेयपगात बोलतानाही त्याने त्यांच्याच कवींचा आधार घेतला (प्रेषितांची कृत्ये १७:२८). ते शब्द अराताच्या ताऱ्यांवरील व हवामानावरील काव्यात आढळतात, आणि अरात हा पौलाच्याच किलिकिया प्रांताचा.

यावरून पौल नाटकगृहात जाऊन बसत होता असे मात्र सिद्ध होत नाही. शास्त्र त्याविषयी काही सांगत नाही. म्हण झालेली ओळ नाटक न पाहिलेल्यालाही येत असते. आपणही तेच करतो. रामायण-महाभारत कधी न वाचलेला ख्रिस्ती मनुष्य दानशूराला कर्ण म्हणतो, झोपाळू मुलाला कुंभकर्ण म्हणतो; मंडळीच्या वार्षिक अहवालात चिटणीस "भगीरथ प्रयत्न" असे लिहितो आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. भाषा ही कथांनी घडलेली असते. त्या कथा आपण पाहिल्या नसल्या तरी त्यांचे कण आपल्या रोजच्या भाकरीत मिसळलेले असतात. म्हणून "मी यांच्यातला नव्हे" ही लाज पुष्कळशी निराधार आहे. आपण वाटतो तितके बाहेरचे नसतो.

दानीएलाचे उदाहरणही येथे उपयोगी पडते. पहिल्या अध्यायात तो आणि त्याचे सोबती खास्द्यांची विद्या व भाषा तीन वर्षे शिकले. मात्र राजाच्या ताटातले अन्न त्यांनी नाकारले. काय शिकावे आणि काय नाकारावे यात त्यांनी भेद केला. सर्वच स्वीकारणे सोपे, सर्वच नाकारणेही सोपे. भेद करण्यास प्रार्थना आणि विचार लागतो. मन मलिन करणारे, क्रौर्याची चटक लावणारे पुष्कळ काही आज मोबाइलच्या पडद्यावर लहान मुलांच्या हातात आहे. ते नाकारलेच पाहिजे. जे खरे, शुद्ध व प्रशंसनीय असेल त्याचे मनन करावे, असे पौल फिलिप्पैकरांस लिहितो. ही कसोटी न पाहता लावता येत नाही. घरातील कोणी जाणत्याने आधी पाहून, वाचून ती लावावी लागते.

एकाच पंगतीत

रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलापुढे असाच वाद होता. काही जण सर्व काही खात, काही जण वर्ज्य करीत. त्याने दोघांना दोन वेगळ्या आज्ञा दिल्या. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये. न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. प्रत्येकाला ज्या पापाचा मोह अधिक, त्यालाच त्याने हात घातला आहे. ज्याने पाहिले आहे तो हसतो. ज्याने पाहिले नाही तो न्याय करतो.

म्हणून आपल्या तरुण संघांत ज्यांनी पाहिले आहे त्यांनी न पाहिलेल्याची थट्टा करू नये. "अरे, एवढेही ठाऊक नाही?" या एका वाक्याने गावाकडून आलेला किंवा कडक शिस्तीच्या घरातला मुलगा पुढच्या रविवारी येईनासा होतो. आणि ज्याने पाहिले नाही त्याने नाक मुरडू नये, पाहिल्याचे खोटे सोंगही आणू नये. "मी ते पाहिलेले नाही, तुम्हांला त्यात काय आवडले ते सांगा," असे साधेपणाने म्हणावे. कार्यालयातील सोबती, आगगाडीतील शेजारी, रुग्णालयात शेजारच्या खाटेवरील मनुष्य आपल्या आवडत्या चित्रपटाविषयी बोलू लागला की बहुधा तो स्वतःविषयीच बोलत असतो: वडिलांविषयी, तुटलेल्या मैत्रीविषयी, अन्यायाच्या चिडीविषयी. गोष्ट ठाऊक नसलेला श्रोता त्याला पहिल्यापासून सारे सांगू देतो. जाणणाऱ्याला ही सवड क्वचितच मिळते. आपले न पाहणे अशा वेळी दुसऱ्याच्या सेवेला लागू शकते.

मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभूने स्वतः सांगितले की योहान खात-पीत नव्हता तर लोकांनी त्याला भूत लागले म्हटले, आणि मनुष्याचा पुत्र खात-पीत आला तर त्याला खादाड म्हटले. अरण्यातील तो वर्ज्य करणारा आणि काना येथील लग्नाच्या पंगतीत बसणारा हा, दोघे एकाच पित्याचे कार्य करीत होते. दोघांनी एकमेकांचा मान राखला. आपल्या मंडळीतही काही जण योहानासारखे वाढलेले असतील, काहींना पंगतीची सवय असेल. दोघांनाही एकाच बाकावर जागा असावी.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या घरात कोणती पुस्तके, चित्रपट किंवा मालिका वर्ज्य होत्या? त्याचे कारण तुम्ही आज मुलांना सांगू शकता काय?

२. जे तुम्हांला केवळ रुचत नाही, ते तुम्ही इतरांसाठी निषिद्ध ठरवले आहे काय? बर्जिल्लयाने किम्हामासाठी काय केले?

३. ज्या गोष्टीला तुम्ही मुलांना "नको" म्हणता, तिच्या जागी या महिन्यात त्यांना कोणती गोष्ट वाचून दाखवाल?

४. या आठवड्यात कोणी आपल्या आवडत्या पुस्तकाविषयी किंवा चित्रपटाविषयी बोलू लागल्यास मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकावे, आणि त्या व्यक्तीसाठी त्या रात्री नाव घेऊन प्रार्थना करावी.